जिन्यावालीची सोळा पानं

औषधवाल्याने पुस्तक टेबलावर ठेवलं नाही, आपटलं.

"काकू, हे घ्या तुमचं भूत! एकोणीस पानं नुसता वारा सुटलाय."

"माझं कशाला? मी फक्त शिवते," बाइंडर काकू सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या. "आणि मागच्या पानावर लिहिलं होतं ते वाचलं नव्हतं का?"

"वाचलं होतं."

"काय लिहिलं होतं?"

औषधवाल्याने शेवटचं कोरं पान उघडलं आणि वर्गात उभं केल्यासारखं वाचून दाखवलं, "'खिडकी सात वेळा आपोआप उघडते. या घराला मांत्रिक नको, सुतार हवा.'"

"मग? एवढं लिहूनसुद्धा नेलंत ना? आता खा वारा."

औषधवाल्याचं दुकान वाचनालयाच्या समोरच होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो रस्ता ओलांडून थेट मागच्या खोलीत यायचा. आयुष्यभर त्याने भुताखेतांच्या कादंबऱ्यांशिवाय काही वाचलं नव्हतं आणि त्यांतली एकही त्याला आवडली नव्हती. या बाबतीत त्याचं आणि काकूंचं गोत्र एक होतं.

मागची खोली म्हणजे काकूंचं राज्य. एक लांब टेबल, खळीचं पातेलं, पुठ्ठ्यांचा ढीग आणि कोपऱ्यात हाताने चाक फिरवून दाबायचं लोखंडी प्रेस. फाटलेली पुस्तकं इथे यायची. काकू जुनं कव्हर सोलायच्या, पुस्तकाचे फर्मे सुटे करायच्या. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदाच्या घडीतून झालेली सोळा पानं. असे दहा-पंधरा फर्मे एकावर एक रचायचे, एकेक दोऱ्याने शिवायचा, पाठीला खळ लावायची, प्रेसमध्ये दाबायचं आणि वर नवा पुठ्ठा चढवायचा. हे काम त्यांना सासऱ्यांनी शिकवलं. नवी सून बी.ए. झालेली आहे म्हणून सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाइंडरने पुस्तक मोजायचं, वाचायचं नाही. वाचायला लागलं की हात चुकतो."

काकूंनी मोजणं सोडलं नाही, पण वाचणंही सोडलं नाही. सासरे गेले, नवरा गेला, लेक लग्न होऊन दूरच्या शहरात गेली. वाचनालयातली ही बावीस वर्षं मात्र टिकली. आणि या बावीस वर्षांत त्यांच्या टेबलावर सगळ्यात जास्त आल्या त्या भुतांच्या कादंबऱ्या. लोक त्या हिसकाहिसकी करून नेत, निजल्या निजल्या वाचत, छातीवर घेऊन झोपत, आणि पाठ मोडून परत आणत. काकू त्या शिवण्याआधी वाचायच्या आणि वाचून झालं की त्यांच्या तोंडाची चव जायची.

म्हणून मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने दोन ओळी लिहायची सवय लागली. पहिल्यांदा लिहिलं ते चिडून. नंतर लोक कपाटापुढे उभे राहून आधी मागचं पानच उघडायला लागले. ग्रंथपालाने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं, कारण तोही तेच करत होता.

"भूत चाळिसाव्या पानावर येतं. न येतं तर बरं झालं असतं."

"'भयाण' हा शब्द एकशे बारा वेळा. मी मोजले."

"म्हाताऱ्या नोकराला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत आहे. तरी दोनशे पानं गप्प बसतो. याला आधी कामावरून काढा."

"यातली मेलेली बाईसुद्धा वीस वर्षांची, गोरी आणि मोकळ्या केसांची. चष्मा लावणारी, गुडघे धरून जिना चढणारी बाई मेल्यावर कुठे जाते, लेखकालाच ठाऊक."

हे सगळं वरवरचं. काकूंच्या खऱ्या संतापाचं कारण वेगळं होतं आणि ते त्या फक्त औषधवाल्याजवळ बोलत.

"मला सांगा," त्या सुई रोखून म्हणायच्या, "घरात पोरगं भिंतीशी बोलतंय. कोपऱ्यात बोट दाखवून म्हणतंय, आई, ती बघ. आणि आई काय म्हणते? तुला भास झाला बाळा, झोप. असं म्हणून ही बया दिवा मालवून निघून जाते! अहो, माझी लेक लहानपणी दोनदा शिंकली तर मी रात्रभर तिच्या नाकाशी हात धरून बसायचे. कुठली आई पोराला अंधारात टाकून पडदे निवडायला जाईल? या लोकांना आईच माहीत नाही, भूत काय डोंबल माहीत असणार!"

"तुम्ही घाबरट आहात म्हणून."

"आहेच. म्हणून तर वाचते. वाटतं, कुणीतरी माझ्यासारखं घाबरलेलं भेटेल. आणि भेटतं काय, तर धूर, वीज आणि मांजर. शी!"

त्यांची भीती साधीसुधी होती. लेकीचा फोन दुसऱ्या घंटेला उचलला गेला नाही की त्यांच्या मनात पाल चुकचुकायची, चौथ्या घंटेला त्या नवस बोलून मोकळ्या व्हायच्या आणि सहाव्या घंटेपर्यंत त्यांनी अपघात, इस्पितळ आणि पोरक्या झालेल्या नातीचं संगोपन इथपर्यंत सगळं उरकलेलं असायचं. टेबलावर हात चालू असले की हे घोडं जरा तरी आवरायचं. लेक अधूनमधून म्हणायची, "आई, पुरे झालं ते काम, इकडेच ये राहायला." त्यावर काकूंचं उत्तर ठरलेलं होतं, "तिकडे येऊन दिवसभर तुझ्या तोंडाकडे बघत बसले तर आठ दिवसांत तू वेडी होशील. मला टेबल हवं."

आणि आता ते टेबलच जायची पाळी आली होती.

वाचनालयाला नवे अध्यक्ष मिळाले होते. त्यांची सगळी नोकरी पुलांची तपासणी करण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावरही ते कुठल्याही इमारतीत शिरले की आधी वर तुळईकडे बघत. त्यांनी कार्यकारिणीपुढे विचार मांडला, की बाहेर यंत्राने बाइंडिंग करणारे आहेत, गठ्ठा नेतात, आठवड्यात आणून देतात. मग मागची खोली अडवून हाताने एकेक पुस्तक शिवत बसायचं कशाला? शनिवारच्या बैठकीत निर्णय होता.

ग्रंथपाल मऊ माणूस, पण या वेळी त्याने डोकं चालवलं. "काकू, मी त्यांना सांगितलंय, निर्णय घ्यायच्या आधी काम बघा. ज्या पुस्तकाला सगळ्यात जास्त हात लागलेत, ते एक पुस्तक मी बैठकीत टेबलावर ठेवणार. आपली जिन्यावाली! तुम्ही शिवल्यापासून दोन वर्षांत चौऱ्याण्णव वेळा बाहेर गेली, एक टाका हललेला नाही."

जिन्यावाली म्हणजे त्या कादंबरीचं वाचनालयातलं नाव. छापील नाव कुणाच्या लक्षात राहत नसे. काकूंना ऐकून बरं वाटलं, कारण साऱ्या कपाटात ती एकच कादंबरी होती जिच्या मागच्या पानावर त्यांनी शिवी घातली नव्हती. गोष्ट लहानशी. एक बाई आपल्या मुलीला घेऊन वरच्या मजल्यावर राहायला येते. मुलीची एक चप्पल हरवते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर दिसते. आई ती उचलून आणते. पुढच्या सकाळी चप्पल दुसऱ्या पायरीवर. मग तिसऱ्या. आई दाराला कडी घालते, कुलूप घालते, चप्पल उशाखाली घेऊन झोपते. शेवटी एका सकाळी चप्पल शेवटच्या पायरीवर, दाराला टेकून असणार हे तिला ठाऊक असतं, आणि ती कडीवर हात ठेवून उभी राहते. तिथे प्रकरण संपतं. समोरच्या पानावर माय-लेकी दुसऱ्याच गावात. तळमजल्यावरचं घर. आई रोज मुलीच्या चपलांचे पट्टे स्वतः बांधते, दोन दोन गाठी मारते, आणि ओळखीच्या कुणाच्याही घरी जायचं झालं तर आधी विचारते, "तुमच्याकडे पायऱ्या किती?" काय झालं ते कुणी सांगत नाही. मुलगी मोठी होते, लग्न ठरतं, आणि आई पहिला प्रश्न तोच विचारते.

ती वाचून काकू दोन दिवस घरच्या जिन्यावरून खाली बघत उतरल्या होत्या. मागच्या पानावर त्यांनी लिहिलं होतं, "हा माणूस आई जाणतो. मुलं जवळ असताना वाचा."

शुक्रवारी सकाळी त्यांनी खोली आवरायला घेतली. बैठकीनंतर मंडळी मागे येऊन बघतील, प्रेस निदान पुसलेलं तरी असावं, असा विचार. प्रेसचा एक पाय आखूड होता. त्याखाली घडी केलेला कागद सारलेला होता आणि तो काळा पडला होता. त्यांनी शिपायाला हाक मारली.

"दादा, जरा हे उचलून धरा. कागद बदलते."

"काकू, माझ्या निवृत्तीला चार महिने राहिलेत. कंबर शाबूत ठेवून जाऊ द्या," असं म्हणत शिपायाने प्रेस कलतं केलं. काकूंनी कागद ओढून काढला, झटकला आणि टाकायला म्हणून हात मागे नेला. तेवढ्यात खालच्या कोपऱ्यातला बारीक आकडा दिसला. फर्म्याचा आकडा. अकरा.

त्यांनी घडी उलगडली. एकशे एकसष्ट ते एकशे शहात्तर. पहिल्याच ओळीत 'कडी' हा शब्द होता.

"काय झालं, काकू? घामाघूम झालात."

"काही नाही. तुम्ही जा. चहा घ्या."

कपाटातून जिन्यावाली काढायला त्यांना धीर गोळा करावा लागला. एकशे साठ. समोरच्या पानावर एकशे सत्त्याहत्तर. लेखकाने प्रकरणांना आकडे दिले नव्हते, नुसत्या तीन चांदण्या, आणि तो फर्मा नेमका चांदण्यांपासून चांदण्यांपर्यंतचा. शिवण कशी रेखीव! दोऱ्याचा ताण एकसारखा. चौऱ्याण्णव वेळा घराघरांतून फिरून आलेलं, जराही न उसवलेलं, आणि सोळा पानांनी लंगडं पुस्तक.

दिवस कोणता ते त्यांना आठवलं. लेकीचे दिवस भरत आले होते आणि तिचा फोन अकरापासून चारपर्यंत बंद होता. इकडे काकू एका हाताने फर्मे रचत होत्या आणि दुसऱ्या हाताने नंबर फिरवत होत्या. प्रेस डगमगत होतं, हाताला लागला तो कागद त्यांनी पायाखाली सारला. शिवण्याआधी पुस्तक वाचलं नाही, फर्मेही मोजले नाहीत. बावीस वर्षांत एकदाच. चार वाजता लेकीने फोन उचलून जांभई दिली होती, "अगं झोपले होते आई, फोन बंद करून." शिवून झाल्यावर वाचताना पानांचे आकडे का दिसले नाहीत? घाबरल्या होत्या म्हणून. चप्पल कुठवर आली ते बघणारी बाई आकडे बघते का?

मग त्या ती सोळा पानं वाचायला बसल्या. स्वतःशी खोटं कशाला बोलायचं, मनात थोडी हाव होती. त्याच लेखकाची आणखी सोळा पानं!

पहिल्या पानावर आई कडी काढते. दुसऱ्यावर वीज कडाडते. तिसऱ्यावर दारात पांढऱ्या कपड्यांतली, मोकळ्या केसांची, वीस वर्षांची बाई उभी राहते आणि आपण घरमालकाची पहिली बायको असून आपल्याला कोणत्या साली, कुणी, कोणत्या औषधाने मारलं ते नऊ पानं सांगते. मध्ये एक मांजर येऊन जाते. 'भयाण' सहा वेळा. आणि आई? आई तिसऱ्या पानाच्या तळाशीच बेशुद्ध पडते. आडवी. पुढची तेरा पानं ती फरशीवर पडून असते आणि मुलीला वाचवतो कोण, तर खालच्या मजल्यावर राहणारा, परलोकाचा अभ्यास केलेला, दाढीवाला प्राध्यापक.

काकूंनी फर्मा टेबलावर टाकला आणि खळीचे हात धुवावेत तसे साबणाने हात धुतले. महिनाभर रोज उशाखाली चप्पल घेऊन झोपलेली बाई, आणि नेमकी वेळ आली तेव्हा बेशुद्ध! लेकरू दारात उभं असताना! 'हा माणूस आई जाणतो' म्हणे. कपाळ जाणतो! त्याला ती जड झाली म्हणून त्याने तिला आडवी केली, बस. आणि आपण त्याला प्रशस्तिपत्र दिलं, पेन्सिलीने, सुवाच्य अक्षरात.

दुपारी लेकीचा फोन आला. काकूंनी सगळं सांगितलं. पलीकडे हसण्याचा स्फोट.

"आई! म्हणजे तुला आयुष्यात एकच भुताची कादंबरी आवडली, आणि ती तुझ्याच चुकीमुळे झाली?"

"हसू नकोस. उद्या तेच पुस्तक अध्यक्षांपुढे ठेवणारेत."

"मग आज शिवून टाक ना तो कागद. किती वेळ लागतो?"

"दोन तास."

"मग?"

"शिवला तर कुणाला कळणार नाही."

"तेच म्हणतेय मी."

"तेच मीही म्हणतेय."

"आणि सांगितलंस तर टेबल जाईल. जाऊ दे गं. इकडे ये. इथे तुझी नात आहे, दिवसभर तिच्या मागे चमचा घेऊन फिर."

"पोरगी जेवते का नीट?"

"बघ, लागलीस! नको, तू तिकडेच बरी."

फोन ठेवून काकू सुई-दोरा पुढ्यात घेऊन बसल्या. शिवला की पुस्तक पुरं आणि टेबल शाबूत. पण मग यापुढे ते वाचणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात ती आई तिसऱ्या पानावर आडवी होणार. न शिवता गप्प बसावं, तर बावीस वर्षं लोकांच्या पुस्तकांवर शेरे मारणारा हात स्वतःच्या चुकीवर पांघरूण घालणार. दोन्हींची सारखीच किळस आली. शेवटी त्यांनी तो फर्मा दमट फडक्याने पुसला, इस्त्रीने सरळ केला आणि वेगळाच शिवला. त्याला पातळ पुठ्ठ्याचं कव्हर घातलं, जिन्यावालीच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून कापडी खिसा चिकटवला आणि ती सोळा पानं त्यात ठेवली. पेन्सिलीची जुनी ओळ खोडली नाही. तिच्याखाली लिहिलं, "खिशातली सोळा पानं माझ्या चुकीने दोन वर्षं बाहेर राहिली. चूक सर्वस्वी माझी. ती वाचून लेखकाबद्दल तक्रार घेऊन माझ्याकडे येऊ नये."

शनिवारी बैठकीत ग्रंथपालाने जिन्यावाली पुढे सरकवली आणि तिची स्तुती सुरू केली. काकूंनी त्याला मध्येच थांबवलं. खिशातून पानं काढली आणि अध्यक्षांपुढे ठेवली. काय झालं ते सरळ सांगितलं, लेकीच्या फोनसकट. ग्रंथपालाने कपाळावर हात मारला.

अध्यक्षांनी आधी शिवण पाहिली. अंगठ्याने पाठ दाबली, पुस्तक उलटं धरून हलवलं. मग एकशे साठनंतर एकशे सत्त्याहत्तर पाहिलं.

"बाई, पुलाचा एक खांब राहिला असता तर?"

"तर पूल पडला असता," काकू म्हणाल्या. "हा नाही पडला."

"तेच मला खटकतंय. चौऱ्याण्णव माणसं यावरून गेली आणि एकालाही कळलं नाही?"

"मलाही नाही कळलं. मी तर दोनदा गेले."

अध्यक्ष हसले नाहीत. पुस्तक आणि पानं घेऊन ते घरी गेले. निर्णय सोमवारी कळवतो म्हणाले.

रविवार काकूंनी कसा काढला ते लेकीलाच माहीत. तिने अकरा फोन उचलले.

सोमवारी अध्यक्ष थेट मागच्या खोलीत आले. तुळईकडे बघायचंही विसरले. त्यांच्या चेहऱ्यावर, नासकं काहीतरी तोंडात गेल्यासारखा भाव होता.

"आई बेशुद्ध पडते?"

"पडते."

"तिसऱ्या पानावर?"

"तळाशी."

"आणि तो दाढीवाला कोण? आधी एकदाही येत नाही तो! असा खांब मी पास केला असता तर मला तुरुंगात टाकलं असतं." ते खुर्चीत बसले. "मी आधी तुमची वाचली. माझ्या सुनेला रात्री फोन केला, नातवंडं बरी आहेत ना विचारलं. मग खिशातली वाचली. बाई, ही पानं काढून टाका."

"नाही टाकता येणार, साहेब. ती पुस्तकाची आहेत. वाईट असली तरी त्याची आहेत. मी बाइंडर आहे, लेखक नाही."

अध्यक्षांनी वाकून प्रेसखाली पाहिलं. आखूड पायाखाली आता लाकडाची चकती होती.

"यंत्रवाल्यांना मी नाही कळवलं," ते म्हणाले. "त्यांनीही एखादा फर्मा विसरलाच असता, पण येऊन सांगितलं नसतं. मात्र यापुढे प्रत्येक पुस्तकाच्या मागे छापील चिठ्ठी लागेल. फर्मे किती, मोजले कुणी, खाली सही. माणसाच्या आठवणीवर काही सोडायचं नाही. आणि कोऱ्या पानांवर पेन्सिल बंद. वाचनालयाची मालमत्ता आहे ती."

पेन्सिल बंद म्हटल्यावर काकूंचा चेहरा उतरला. अध्यक्ष दारापर्यंत गेले आणि वळले. "चिठ्ठीत शेवटी एक 'शेरा' म्हणून ओळ ठेवायला सांगितलीय. कामासंबंधी."

चिठ्ठ्या आठवड्याने छापून आल्या. त्याच दुपारी औषधवाला आला. या वेळी त्याने पुस्तक आपटलं नाही. मागचं पान उघडून नुसतं टेबलावर ठेवलं, कारण ते काकूंनी त्या सकाळीच शिवून दिलं होतं आणि खळ अजून ओली होती. चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं:

"फर्मे: अठरा. मोजले, सर्व आहेत. शेरा: दोन पुरले असते."